येसू सुईणीचं गाऱ्हाणं

फार वर्षांपूर्वी खाडीच्या काठच्या माणकोंड गावात येसू नावाची सुईण राहत होती. नेमकं किती वर्षांपूर्वी, ते मला विचारू नका. गावातल्या म्हाताऱ्यांना विचाराल तर प्रत्येक जण वेगळं सांगेल आणि वर भांडण लागेल ते निराळंच. पण येसू होती, याबद्दल कुणाचं दुमत नाही. गावातलं जवळजवळ प्रत्येक पोर तिच्या हातावर जन्मलेलं. तिचे हात इतके गुणी, की तिची चाहूल लागली की अडलेलं बाळ आपणहून वळायचं, असं म्हणतात.

त्याच गावात दाजी गुरव होता, रवळनाथाचा पुजारी. गावावर काही संकट आलं की लोक देवळात जमायचे आणि दाजी सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायचा. कुणाची गाय आटली, कुणाच्या मुलीचं लग्न जमेना, कुणाचं होडकं बुडालं. सगळी दुःखं त्याच्याच तोंडून देवापर्यंत जायची. त्याने एकेक वाक्य म्हणायचं आणि मागे उभ्या असलेल्या गावाने एका आवाजात म्हणायचं, "व्हय म्हाराजा!" दाजीची वाणी अशी गोड, की तो काय बोलतोय याकडे पुष्कळांचं लक्षच नसायचं. वाक्य संपलं की होकार द्यायचा, हे अंगवळणी पडलं होतं.

मग एक वाईट वर्ष आलं. येसूच्या हातावर येणारी बाळं रडेनाशी झाली. एक गेलं, त्यामागोमाग आणखी गेली. तिने जिवाचं रान केलं, पण उपाय चालेना. लोक तिला काही बोलले नाहीत, तीच स्वतःला बोलत राहिली. तिच्या हातांना कापरं भरलं. पाणी तापवायचा हंडा तिने माळ्यावर टाकला आणि यापुढे कुणाच्या बाळंतपणाला जाणार नाही, असं सांगून टाकलं. ती रडलीसुद्धा नाही. देवळात गेली तरी हात जोडून गप्प उभी राहायची. देवाला सांगायचं तरी काय, तो बघतोच आहे की, असं तिला वाटायचं.

अशात दाजीची एकुलती लेक शेवंती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. एके सकाळी कळा सुरू झाल्या आणि ऊन डोक्यावर आलं तरी सुटका होईना. पोर पार गळून गेली. दाजी धावत येसूच्या दारात गेला. येसूने त्याला आपले थरथरणारे हात दाखवले. या हातांनी मी तुझ्या लेकीचा घात करीन, म्हणाली. तू देवाचा माणूस, तुझ्या देवालाच सांग.

दाजीने ढोल वाजवून गाव गोळा केलं. देवाच्या पाषाणावर कौलाची ओली फुलं चिकटवली. उजवं फूल पडलं तर देव हो म्हणाला, डावं पडलं तर नाही, अशी तिथली रीत. सारं गाव गाऱ्हाण्याला उभं असताना येसूला घरात बसवेना. तीही येऊन मागच्या खांबाशी उभी राहिली.

दाजीने नारळ उचलला. "बा देवा म्हाराजा," एवढं म्हणाला आणि थांबला. गावाने नेहमीप्रमाणे होकार दिला. त्याने पुन्हा तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. जन्मभर दुसऱ्यांची दुःखं खणखणीत आवाजात सांगणारा दाजी, स्वतःचं सांगायची वेळ आली तेव्हा नारळ छातीशी धरून लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला.

ते येसूला बघवलं नाही. बायकांनी गाऱ्हाणं घालायची पद्धत नव्हती, पण ती माणसं बाजूला सारत पुढे गेली आणि तिने त्याच्या हातातला नारळ काढून घेतला.

"बा देवा म्हाराजा, ह्येची वाचा बसली, म्हणान आता मी बोलतंय. तू आमचे नारळ खातंस, कोंबे खातंस, आणि आमच्या येळेक कान झाकून बसतंस."

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणालं.

"माझ्या हातात तू मुकी बाळां दिलंस. मी तुका कायेक विचारूक नाय. आज सांगतंय. तुका काळीज नाय."

"व्हय म्हाराजा!"

आपण कशाला होकार देतोय, हे लोकांच्या आत्ता कुठे ध्यानात आलं. माणसं एकमेकांकडे बघू लागली. काहींनी तर जीभच चावली. पण देवापुढे दिलेला होकार परत कसा घेणार? शिवाय ती खोटं तरी कुठे बोलत होती?

येसूचा आवाज आता खाली आला. "मी दमलंय रे बाबा," ती म्हणाली. "माका भय वाटता."

"व्हय म्हाराजा," गाव म्हणालं. या खेपेला कुणीही सवयीने म्हटलं नाही. दमलेला तर तिथे प्रत्येक जणच होता.

आणि त्याच क्षणी पाषाणावरची फुलं पडली. उजवी पडली, डावी पडली, सगळी एकदम पडली. असा कौल गावाने कधी पाहिला नव्हता. देव कोपला, असं कुणीतरी कुजबुजलं. पण दाजी ओल्या डोळ्यांनी हसायला लागला.

"देव कोपलो नाय," तो म्हणाला. "तेना मान हलवल्यान. तो पण व्हय म्हणता."

हसू देवळभर पसरलं. येसूही हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं, वर्षभर साठलेलं. बायांनी तिला धरून ठेवलं आणि पोटभर रडू दिलं. रडून झाल्यावर तिने आपल्या हातांकडे पाहिलं. कापरं गेलं होतं.

पदर खोचून ती जी धावली ती थेट शेवंतीपाशी. बाळ पायाळू होतं. येसूने त्याला काय समजावलं कुणास ठाऊक, पण थोड्याच वेळात असं रडणं उठलं, की खाडीपलीकडची माणसं काय झालं ते विचारायला होड्या घालून आली, असं म्हणतात. आली ती जेवूनच गेली. मुलगी झाली होती, आणि शेवंती खाटेवर पडल्या पडल्या पेज मागत होती. त्यानंतर येसूच्या हातावर आलेलं एकही बाळ मुकं राहिलं नाही, असंही म्हणतात.

माणकोंडात आजही जत्रेच्या दिवशी गुरवाचं गोड गाऱ्हाणं आधी होतं आणि मग नारळ बायकांच्या हातात जातो. त्याला येसूचं गाऱ्हाणं म्हणतात. जिच्या मनात जे साठलं असेल ते तिने देवाला तोंडावर सांगायचं. रागावून सांगितलं तरी चालतं. नंतर कुणी खोदून विचारायचं नाही, शहाणपण शिकवायचं नाही, नुसता होकार द्यायचा. एका जत्रेत एका सुनेने सासूचंच गाऱ्हाणं घातलं, तर सासूबाईंनी सगळ्यांत मोठ्याने "व्हय म्हाराजा" म्हटलं. दोघी हसत घरी गेल्या.

आणि एखादीला नारळ हातात घेतल्यावर शब्दच सुचत नाहीत, ती नुसती रडते. तिला कुणी गप्प करत नाही. गाव थांबून राहतं. ती श्वास घ्यायला थांबली, की सगळे मिळून म्हणतात, "व्हय म्हाराजा."