दोन हजार मोहरांचा प्रसाद

धर्मजागर सभेचं अन्नछत्र अचानक बंद पडलं! वाटसरू दारापर्यंत येत, थंड चुली बघत आणि पोटावर हात ठेवून माघारी फिरत. चिमाबाई तिथं पत्रावळी पुरवायची. तिच्या घरात पत्रावळींचे गठ्ठे छताला टेकले.

शेवटी ती तडक सभेच्या आचाऱ्याकडे गेली.

"काय हो, चुली का पेटत नाहीत? लोकांनी देणग्या द्यायच्या थांबवल्या?"

"थांबवतील कशाला? रोज वाहतात!" आचारी हळूच म्हणाला. "पण यंदा सभापतींचा प्रसाद दुप्पट झालाय. दोन हजार मोहरा! तांदळाला काही उरलंच नाही."

चिमाबाईला आधी हसू आलं, मग संताप आला. दुसऱ्या दिवशी ती थेट दरबारात उभी राहिली.

राजा जयकेतू मनानं चांगला, पण हट्टाला पेटला की देवाचंही ऐकायचा नाही. सभा त्याच्या वडिलांनी काढलेली. गावोगाव कीर्तनकार पाठवावेत, भुकेल्याला जेवू घालावं, एवढ्यासाठी. त्याच सभेबद्दल एक पत्रावळवाली तक्रार करते म्हटल्यावर त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या.

सभापती त्र्यंबकाचार्य शेजारीच बसले होते. त्यांनी दोन्ही कानांना हात लावले.

"शिव शिव! मी काय पगारी नोकर आहे? धर्मकार्याचा कुणी पगार घेतं का? वर्षातून एकदा, अक्षय्य तृतीयेला, महाराजांच्या हातून देवाचा प्रसाद म्हणून काय ते मिळतं. प्रसादाला नाही कसं म्हणावं?"

"ऐकलंस?" राजा गरजला. "सभापतींच्या प्रसादाला हात लावणार नाही, अशी मी वडिलांसमोर बेलभंडारा उचलून शपथ घेतलीय. आता तूच काय ते कर! परवा अक्षय्य तृतीया. त्या दिवशी अन्नछत्रात पंगत उठली पाहिजे. माझ्या खजिन्यातली कवडी मिळणार नाही, माझी शपथ मोडायची नाही, आणि आचार्यांबद्दल एक वावगा शब्द काढायचा नाही. जमलं नाही, तर राज्य सोडून चालती हो!"

"आणि जमलं तर?"

"मागशील ते देईन!"

चिमाबाई घरी आली ती पाय ओढतच. राज्य सोडायचं म्हणजे जायचं कुठं? रात्रभर तिला आचार्यांचे शब्द ऐकू येत राहिले. प्रसाद! प्रसाद! आणि पहाटे ती एकदम उठून बसली. कळशीभर पाणी आणलं आणि वाळलेल्या पत्रावळींवर शिंपडायला लागली. मग गल्लोगल्ली फिरून तिनं आवतण दिलं, "अक्षय्य तृतीयेला सकाळी आचार्यांच्या अंगणात प्रसाद आहे हो! सगळ्यांनी यायचं!"

प्रसादाला कोण नाही म्हणतो? गाव लोटलं. आचार्य आत पूजेला बसले होते तेवढ्यात चिमाबाईनं अंगणभर पानं मांडली, पाणी फिरवलं, लोक मांडी घालून बसले. इतक्यात सनई वाजली. पुढं राजा, मागं रेशमी रुमालाखाली झाकलेलं मोहरांचं ताट! आचार्य हसतमुखानं बाहेर आले आणि उंबऱ्यातच थबकले.

"हे काय चाललंय?"

"पंगत बसलीय, आचार्य," चिमाबाई पदर खोचत म्हणाली. "प्रसाद आलाय ना? घ्या वाढायला!"

"अगं, हा माझा प्रसाद आहे! माझ्या एकट्याचा!"

"असा असतो का प्रसाद? मी आपली अडाणी बाई. देवळात तर हात पुढं आला की पुजारी नावगाव विचारत नाही. तुम्ही एवढे ज्ञानी, तुमच्या हातून पंक्तिप्रपंच कसा होईल?"

पंगतीत खसखस पिकली. आचार्यांचा चेहरा लालबुंद झाला.

"मोहरा काय पानात वाढायच्या असतात? लोकांनी त्या खायच्या?"

"खाता येत नाही, वाटता येत नाही, तरी प्रसादच?"

"प्रसाद नाही!" आचार्य ओरडले. "वर्षभर राबतो मी! माझ्या कष्टांचा मोबदला आहे तो!"

राजानं भुवया उंचावल्या.

"मोबदला? म्हणजे पगार?"

"महाराज," चिमाबाईनं हात जोडले, "आपली शपथ प्रसादाची होती. पगाराची कुठं होती?"

"नाही, नाही! प्रसादच! प्रसादच म्हणायचं होतं मला!" आचार्य घाबरून म्हणाले.

"मग वाढा!" सगळी पंगत एका आवाजात ओरडली.

आचार्यांनी पानांच्या लांबच लांब रांगेकडे पाहिलं. एवढ्या जणांत वाटल्यावर आपल्या वाट्याला काय येणार! ते मटकन खाली बसले.

"पगारच म्हणा," ते पुटपुटले.

"मग तो ठरवायचा मी!" राजा म्हणाला. "चिमाबाई, किती द्यावा?"

"घर नीट चालेल एवढा द्या, महाराज. राबतात खरे ते. फक्त लोकांची पानं वाढून झाल्यावर द्या."

ताट तसंच अन्नछत्रात गेलं. चुली पेटल्या. उन्हं माथ्यावर आली तेव्हा भातावर आमटी पडत होती. शेवटच्या पानाशी आचार्यही मुकाट्यानं बसले होते, आणि दुसऱ्यांदा भात मागत होते.

राजाला मात्र हार मानवेना. तो म्हणाला, "पण आचार्यांबद्दल वावगं बोलायचं नाही, असं बजावलं होतं मी!"

"मी कुठं काय बोलले, महाराज? जे काही बोलले, ते आचार्यच बोलले!"

राजा असा खदखदून हसला, की डोक्यावरचा मंदिल घसरून थेट आमटीच्या वाटीत पडला!

"माग, चिमाबाई, माग! सोनं घे, शेत घे!"

"राजवनातले पळस तेवढे माझ्या नावे करून द्या," चिमाबाई म्हणाली. "आता रोज पंगत बसायची, पानं कमी पडतील!"

राजानं त्याच क्षणी अख्खं पळसवन तिला देऊन टाकलं, आणि स्वतः हातात पळी घेऊन तिच्या पानावर तूप वाढलं.