सेहेचाळीस टक्क्यांचा प्रवेश

मार्क कमी पडले म्हणून शिकायचं कुणाचं राहतं का हो? मग ऐका.

एका गावात एक भोळा पदवीधर होता. नाव भानुदास. बी.कॉम.ला सेहेचाळीस टक्के. आईची इच्छा एकच, भानूने शहरात जाऊन एमबीए करावं. तो शाळेतल्या जुन्या ठोंबरे बाईंकडे गेला.

"बाई, मार्क कमी आहेत. कसं करू?"

"गावच्या डेअरीत कामाला आहेस ना, तिथे नीट काम कर, म्हणजे तिथले सेक्रेटरी बाजीतात्या शिफारसपत्र देतील. आणि जे कमी आहे ते लपवू नकोस. आधीच सांगून टाक."

"बरं बाई."

दुसऱ्या दिवशी डेअरीवर दूध घालायला ही रांग. भानूने सरपंचकाकूंच्या दुधाची फॅट बघितली आणि स्पीकरवर ओरडला, "काकूंची फॅट कमी हो! पाणी जास्त!"

काकूंनी किटलीच त्याच्या पाठीत घातली.

"अरे, दुसऱ्याचं उणं नाही सांगायचं!" बाई म्हणाल्या. "दुसऱ्याबद्दल चांगलं तेवढंच बोलावं."

"बरं बाई."

संध्याकाळी दूध गार करायचं यंत्र बंद पडलं. तात्यांनी लांबून विचारलं, "भान्या, यंत्र कसंय रे?"

"लई छान, तात्या! रंग तर काय सुरेख!"

सकाळी साडेतीनशे लिटर दूध फाटलं.

बाईंनी कपाळाला हात लावला. "बाबा रे, आपल्याला जमत नाही ते काम जमणाऱ्याच्या हाती द्यावं. मेकॅनिकला बोलवायचंस!"

"बरं बाई."

तरीही तात्यांनी शिफारसपत्र दिलं. म्हणाले, "गावाबाहेर जाईल तेवढं बरं."

शहरातल्या कॉलेजात मुलाखतीच्या दिवशी भानू खुर्चीत टेकायच्या आत म्हणाला, "सर, मार्क सेहेचाळीस टक्के. आधीच सांगतो."

तिथले सर खळखळून हसले. "इथे येऊन सगळे झाकतात. तू पहिलाच भेटलास. घेतलं तुला! बाहेर बसून हा प्रवेशाचा फॉर्म भर."

भानूला रडूच आलं. आई किती खूश होईल! त्याने पेन उघडलं. फॉर्मवर लिहिलं होतं, दोन वर्षं अभ्यास करणाऱ्याचं नाव. पेन थांबलं. अभ्यास? तो आपल्याला कुठे जमतो? बाईंचे शब्द त्याला आठवले. त्याने सुवाच्य अक्षरात फॉर्म भरला, खिडकीत दिला आणि पेढे घेऊन गावी आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजच्या फळ्यावर प्रवेशाची यादी लागली, आणि तिच्यात सातवं नाव होतं ठोंबरे बाईंचं, वय एकसष्ट.