लाखेने मिटलेला घट

एका राज्यात अशी रीत होती, की राजघराण्यातल्या कुणी रडायचे नाही. घरात कुणी गेले, की राजजादूगार यायचा, गळ्याशी आलेला हुंदका काढून तांब्याच्या घटात भरायचा आणि घटाचे तोंड लाखेने मिटायचा. लोक म्हणायचे, याला म्हणतात राजाचे काळीज!

तरुण राजा जयंतसेन तापाने गेला, तेव्हा त्याची धाकटी बहीण सौदामिनी हिनेही हुंदका निमूट देऊन टाकला. जादूगार कंटकनाथाने मात्र त्या घटावर गुपचूप शाप ठेवला. तेव्हापासून तिचे पाय थांबेनात. जेवण चालता चालता, झोपही भिंत धरून चालता चालताच. आणि राज्याचा कायदा असा, की महिन्याच्या आत वारसाने सिंहासनावर घटकाभर बसलेच पाहिजे. नाहीतर राज्य कंटकनाथाचे. त्याने तर मुकुटाचे मापही देऊन ठेवले होते!

तीन दिवस उरले, तेव्हा तिला तळ्याकाठी एक टिटवी भेटली.

“तुझ्यापेक्षा मीसुद्धा जास्त बसते, राजकन्ये,” टिटवी म्हणाली.

“थट्टा नको. उपाय सांग.”

“कंटकनाथाने तुझा घट काळ्या डोंगरात लपवला आहे, शाप त्यावरच आहे. तो उघड. वाटेत तीन संकटे आहेत.”

पहिले होते जळते माळरान. जो थांबेल त्याची राख व्हायची. सौदामिनी थांबलीच नाही. दुसरा होता दगडी द्वारपाल. त्याच्यापुढे जो उभा राहील तो दगड व्हायचा. “कोण तू?” त्याने दरडावले. “जयंतसेनाची बहीण,” ती म्हणाली, तोवर ती दाराच्या आत होती.

गुहेत घट होता. लाख खंजिराने फुटेना, दगडाने फुटेना.

“मांडीवर घेऊन बस,” सोबत उडत आलेली टिटवी म्हणाली. “हे तिसरे.”

“बसताच तर येत नाही मला!”

“म्हणून तर ते तिसरे.”

ती बसली, उठली. पुन्हा बसली, पुन्हा उठली. चिडून तिने घट आपटला, मग घाबरून उचलला. घट गरम लागला. दादाच्या कपाळासारखा. आणि जे ती इतके दिवस मागे टाकत पळत होती, ते तिला आठवले. तापात दादा म्हणाला होता, “बस गं जरा माझ्याजवळ.” ती बसली नव्हती. वैद्य, काढे, लेप करत धावत राहिली होती, आणि परत आली तेव्हा उशीर झाला होता.

“दादा, बसले रे,” ती म्हणाली, आणि खरोखर बसली. पाय तडफडले, तिने त्यांना उठू दिले नाही. डोळ्यांतले पाणी लाखेवर पडले. लाख विरघळली. हुंदका बाहेर आला, तशी ती पोटभर रडली.

शाप मोकळा झाला आणि ज्याचा त्याच्याकडे गेला. कंटकनाथ उठून जो चालू लागला, तो राज्याची सीमा ओलांडून गेला. अजून चालतोच आहे म्हणतात.

तिसऱ्या दिवशी सौदामिनी सिंहासनावर बसली. घटकाभर नव्हे, संध्याकाळपर्यंत. खजिन्यातले सगळे घट तिने उघडले, घासूनपुसून पाणवठ्यावर ठेवले. सिंहासनाशेजारी एक पाट मांडला. ज्याच्या घरचे कुणी गेले असेल, त्याने तिथे यावे, हवे तितके रडावे. राणी सिंहासनावरून उतरायची आणि त्याच्याजवळ बसायची.