ठिपकेवाला

"मग हा कोण, बाबा? नाव सांगा ना!"

ऋजुताताईंनी तिसऱ्यांदा विचारलं. बाई नागपूरची, भारी हुशार. तळ्यावरचे पक्षी शिकायला चार महिने आमच्या सुकरामबाबांच्या डोंग्यात बसत होती. बाबा इथले सगळ्यात जुने ढीवर, जन्म मासे धरण्यात गेलेला. मी त्यांचा जावई. डोंग्याच्या टोकाला बसून फाटकं जाळं शिवत होतो.

समोर बाभळीवर एक तपकिरी पक्षी मान आखडून बसला होता. अंगभर पांढरे ठिपके.

"काळ्या टोपीचा, राखी पंखांचा, तो रातबगळा. तो मी कुठंही ओळखते," ताई म्हणाल्या. "हा वेगळाच आहे. या तळ्यावर कुणी नोंदलाच नाही! आज यादी पाठवते. नाव होईल माझं."

बाबांनी बाभळीकडं बोट दाखवलं.

"पोरी, या झाडाखाली आमी या दिवसांत जाळं काहून टाकत नाही?"

"अंधश्रद्धा. तसं लिहिलंय मी वहीत."

मला रागच आला. बाबांनी मात्र बांबू चिखलात रोवून डोंगा थांबवला.

"बस थोडी."

दिवस कलला. ताई सारख्या मोबाइल बघत होत्या.

"क्वाक!"

काळी टोपी, लाल डोळे. रातबगळा बाभळीखालच्या उथळ पाण्यात उतरला. मासा गिळला, वर गेला. ठिपकेवाल्यानं पंख फडफडवत त्याची चोचच धरली, आणि घशातला मासा ओढून घेतला.

ताईंची पेन्सिल थांबली.

"पिल्लू…"

"टोपी यायले दोन-तीन पावसाळे लागतात," बाबा म्हणाले. "अन् पिल्लू उडेपर्यंत इथले मासे त्याचेच."

"मी पाठवणार होते, बाबा! सगळ्यांपुढं हसं झालं असतं माझं. तुम्ही वाचवलंत." त्यांचे डोळे भरून आले. तशाच त्या बाबांच्या पाया पडायला वाकल्या. डोंगा हा असा कलला!

"अवो ताई, बुडवता का आमाले!" मी ओरडलो.

त्या रडता रडता हसल्या. मग वही काढून 'अंधश्रद्धा' खोडलं. ठिपकेवाल्याची ओळ खोडताना मात्र हात जरा अडला.

"एक पक्षी कमी झाला, बाबा."

बाबांनी चिखलातून बांबू उपटला.

"घरात लेकरू झालं, अन् तू कमी म्हणते?"