दणकटराव महाराजांच्या चिकट मिशा

दणकटराव महाराजांच्या मिशा फाटल्या! खऱ्या नव्हेत हो, त्या ओठावर शाबूत होत्या. फाटल्या त्या व्हायनलच्या, म्हणजे पाठीला कागद असलेल्या चिकट प्लास्टिकच्या तावातून कापलेल्या. दसऱ्याच्या स्वारीत रथाच्या दोन्ही बाजूंना आपल्या मिशांचं लालभडक स्टिकर झळकलं पाहिजे, असं महाराजांच्या मनाने घेतलं आणि त्यासाठी त्यांनी व्हायनल कापायचं यंत्र मागवलं. राजेमहाराजांच्या काळात असलं यंत्र कुठून आलं, ते मला विचारू नका. राजाने हट्ट धरला की यंत्रसुद्धा निमूट येतं!

यंत्र आलं, पण मिशी काही धड निघेना. प्रधान विसाजीपंतांचा हुकूमच तसा होता. "राजाचं काम आहे! पातं पुरतं बाहेर काढा! जोर पुरता लावा! घोड्यासारखं पळवा!" मग काय, पातं वरचं लाल व्हायनल कापून खालचा पाठीचा कागदही चिरायचं आणि मिशीच्या चिंध्या दरबारभर उडायच्या. महाराज संतापायचे आणि यंत्र चालवणाऱ्याची अर्धी मिशी उतरवायचे. दरबारात अर्ध्या मिशीची माणसं इतकी वाढली, की अख्ख्या मिशीचा माणूस चोरासारखा तोंड लपवू लागला.

शेवटी पाळी आली कोंडाजी रंगाऱ्याची. कोंडाजीकडे घर होतं, बैल होता, येसू नावाची तरतरीत लेक होती, पण त्याचा जीव होता मिशीत!

"नीट ऐक," महाराज गरजले. "कापलेला ताव मी सिंहासनाला टांगणार. एक तुकडा जरी खाली पडला, तर गेली तुझी अर्धी मिशी! आणि मी नखाने उचलली की माझी मिशी अख्खी हातात आली पाहिजे. नाही आली, तरी गेली!"

"म्हंजे महाराज... कापू का नको कापू?"

"कापायचीही, आणि तोडायचीही नाही!"

"आणि महाराजांच्या मिशीआधी या यंत्रावर दुसरं काहीही कापायचं नाही," विसाजीपंतांनी पुस्ती जोडली. "पहिला मान महाराजांचा!"

कोंडाजी घरी आला तो मिशी दोन्ही हातांनी धरूनच. येसू पोळपाटावर शंकरपाळ्या कापत होती.

"आबा, मिशी का धरलीय? पळून चाललीय का?"

कोंडाजीने रडवेल्या आवाजात सगळं सांगितलं. येसूच्या हातातलं शंकरपाळ्या कापायचं कातणं काही थांबलं नाही.

"या शंकरपाळ्या कापल्या का?" तिने विचारलं.

"कापल्या की."

"अन् पोळपाट?"

कोंडाजीने वाकून पाहिलं. पोळपाटाला ओरखडासुद्धा नव्हता.

"मग झालं तर! उद्या यंत्रापुढं मी बसते. तुमी मिशीला तूप लावून या."

कोंडाजीने तूप लावलं खरं, पण हे शेवटचंच तूप, असं त्याला राहून राहून वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दरबार खच्चून भरला. येसूने पात्याला चिकटलेला कचरा फुंकून काढला, पातं त्याच्या डबीत आत सारलं आणि टोक खसखशीएवढं बाहेर ठेवलं. जोर कमी केला. आणि यंत्र सुरू करून पहिल्यांदा कापला काय, तर कोपऱ्यात एक इवलासा चौकोन!

"थांब!" विसाजीपंत किंचाळले. "महाराजांच्या आधी चौकोन?"

कोंडाजीचा हात मिशीवर गेला.

"पंत," येसू म्हणाली, "महाराजांची स्वारी निघते, तवा पुढं कोण चालतं?"

"चोपदार!"

"मग ह्यो चौकोन चोपदार. वाट नीट हाय का बघायला पुढं धाडलाय. चोपदाराबिगर महाराजांना धाडू व्हय?"

"मुळीच नाही!" महाराज म्हणाले. "चोपदार पाहिजेच!"

पण चौकोन नखाने निघेना. येसूने पातं केसभर बाहेर घेतलं आणि शेजारी दुसरा चौकोन कापला. तो अलगद सुटला. तिने कागद उलटून पाहिला. पाठ शाबूत होती.

"चोपदार दोन झाले!" पंत ओरडले.

"राजा मोठा हाय, पंत. एकानं कसं भागंल?"

महाराजांनी मान डोलावली. मग यंत्र मिशीच्या वळणावर आलं, ते अगदी हळूहळू.

"हे काय गोगलगायीसारखं?"

"महाराजांचा हत्ती वळणावर पळतो का?"

"छे!" महाराज खुशीत म्हणाले. "डुलत वळतो!"

ताव सिंहासनाला टांगला. पंतांनी तो मुद्दाम गदागदा हलवला. एक कपटा पडेल तर शपथ! कोंडाजी डोळे मिटून उभा होता. महाराजांनी नख लावलं आणि मिशी आकड्यासकट, पिळासकट अख्खी त्यांच्या हातात आली. पाठीचा कागद जागच्या जागी लटकत राहिला.

"पण महाराज, हा अवमान आहे!" पंतांना राहवेना. "तुमच्या कामाला हिने खसखशीएवढं पातं वापरलं! एवढीच तुमची किंमत?"

महाराजांची भुवई वर चढली. "खरंच की! बोल पोरी, माझ्यासाठी पुरतं पातं का काढलं नाहीस?"

कोंडाजीने दोन्ही हातांनी मिशी झाकली.

"महाराज, दरबारात नागवी तलवार घेऊन कुणी आलं तर काय करता?"

"मुंडकं उडवतो!"

"मग तुमच्या मिशीपुढं पात्यानं तरी उपसून यावं का? मी त्याला म्यानात राहायची अदब शिकवली. पंतांनीच इतके दिस तुमच्या मिशीवर नागवी तलवार धाडली व्हती!"

महाराजांनी एकदा पंतांकडे पाहिलं, एकदा हातातल्या मिशीकडे. आणि खो खो हसत त्यांनी ती चिकट मिशी पंतांच्या गुळगुळीत ओठावर चापकन चिकटवली! अर्ध्या मिशीचा सगळा दरबार हसून लोळला.

"रथासाठी दुसऱ्या काप!" डोळे पुसत महाराज म्हणाले. "आजपासून यंत्र तुझ्या ताब्यात, आणि हातात सोन्याच्या पाटल्या! आणि कोंडाजी, तुझ्या मिशीला राजवाड्यातून रोज लोणकढं तूप!"

कोंडाजीने हळूच एक डोळा उघडला.

"दोन्ही बाजूंना, महाराज?"

"दोन्ही बाजूंना!"