राणी माहेरी गेली तेव्हा

ग्रीकांच्या पाताळात राजा हेडीसचं राज्य होतं. नुकतीच मरण पावलेली फिलिरा त्याच्यापुढे उभी राहिली.

"महाराज, घरी माझी तान्ही लेक रडतेय. मला परत जाऊ द्या."

"आमच्या राज्यातून कुणीही परत जात नाही!" हेडीस गरजला.

फिलिराने शेजारच्या रिकाम्या सिंहासनाकडे पाहिलं. "मग राणीसाहेब कुठे आहेत?"

हेडीसचा आवाज एकदम खाली आला. "माहेरी. दर वसंतात आईला भेटायला जाते."

"आईसाठी लेक जाते, मग लेकीसाठी आईला का अडवता?"

"पण ती परत येते."

"मीही येईनच की, महाराज! तुमच्याकडे यायचं कुणाला चुकलंय?"

हेडीसला हसू आलं. त्याने स्वतः उठून दार उघडलं.

"जा. आणि हे बघ, यायची घाई करू नकोस."