जोडे घालून समुद्राच्या तळाशी

साखर कारखान्याचे चेअरमन रंगराव इंगवले पायातले कोल्हापुरी जोडे न काढताच होडीत चढले, तेव्हाच मालिनी तांडेलच्या मनात पाल चुकचुकली. होडीत पायताण घालून कुणी चढत नाही, ही किनाऱ्यावरची रीत. मालिनीने ती नम्रपणे सांगितली. चेअरमननी ती तितक्याच नम्रपणे ऐकली आणि जोड्यांसकट बसले.

बापाच्या कंबरेत उसण भरली होती, म्हणून आज सुकाणू मालिनीच्या हाती होतं. चेअरमन धरून त्यांच्या घरची माणसं दहा. घाटावरून खास समुद्रातले मासे बघायला आलेली. खडकांपाशी नांगर पडला. नऊ जणांनी जाकिटं चढवली, डोळ्यांवर चष्मे लावले, तोंडात नळ्या धरल्या.

"कोण येतंय पहिलं?" मालिनीने हाक दिली.

कुणी हललं नाही. नऊ चष्मे चेअरमनकडे वळले.

"आमच्यात थोरल्यांच्या आधी कुणी काही करत नाही," सूनबाईंनी नळी बाजूला सारून खुलासा केला. चेअरमनच्या पत्नी आक्कासाहेबांनी नुसती मान हलवली. त्यांनी नळी काढलीसुद्धा नाही.

"मग साहेब, तुम्हीच आधी उतरा!"

"मी भिजत नाही."

"तर ही तळाला काच लावलेली पेटी घ्या. पाण्यावर धरली की खालचं सगळं दिसतं."

"काचेतून बघायला घरी टीव्ही आहे!" चेअरमन म्हणाले. "हे बघ पोरी, तुझ्या फलकावर लिहिलंय, 'समुद्राचा तळ पाहा'. दाखव तळ! मी भिजणार नाही, जोडे काढणार नाही, काचेतून बघणार नाही. जमलं तर माग काय मागायचं ते. नाही जमलं, तर संध्याकाळच्या आत या होडीचा परवाना रद्द!"

"करतील हो," सूनबाई कुजबुजल्या. "आमच्या गावचा एसटीचा थांबा यांनी अशाच रागात हलवला. अजून सापडला नाही."

बापाची ही एकच होडी. मालिनीने सूर्याकडे पाहिलं, खडकावरच्या ओल्या रेषेकडे पाहिलं. आज अमावास्या होती.

"साहेब, दोन-अडीच तास बसायची तयारी आहे?"

"पोरी, मी एकोणतीस वर्षं एकाच खुर्चीत बसलोय!"

मालिनीने नांगर उचलला, होडी थोडी दक्षिणेला नेऊन तो पुन्हा टाकला आणि चेअरमनच्या हाती बांबू दिला. "तळ कुठं लागतोय बघा."

चेअरमननी बांबू खाली रेटला. "लागला! छातीभर पाणी आहे."

"नक्की तळच ना?"

"मग काय तुझं छप्पर? चांगला हातभर खोचलाय!"

"आता पाणी जिथं टेकलंय, तिथं तुमचा रुमाल बांधा."

चेअरमननी बांधला. मग सगळे बसले. डबा उघडला. पहिला लाडू चेअरमननी खाल्ला, मग आक्कासाहेब सोडून इतरांनी. अर्ध्या तासाने चेअरमनचं बांबूकडे लक्ष गेलं.

"रुमाल वर कसा सरकला?"

"रुमाल तिथंच आहे. पाणी खाली गेलं."

चेअरमन गंभीर झाले. साऱ्या तालुक्याच्या उसाला पाणी देणारा माणूस. "कालव्याचं दार कुणी उघडलं? कुणाची पाळी चालू आहे?"

"ओहोटी आहे, साहेब."

"कुणाच्या हुकमाने?"

"चंद्राच्या."

चेअरमननी आभाळात बराच वेळ चंद्र शोधला. अमावास्या असल्यामुळे तो हजर नव्हता.

ऊन कललं. होडीचा तळ खरखरत वाळूला टेकला. पाणी आणखी मागे हटलं आणि वाळूची लांबलचक पाठ उघडी पडली. खेकडे पळाले. एका डबक्यात तारामासा पसरला होता. बांबू वाळूत उभा, रुमाल वर फडफडत.

"उतरा, साहेब!"

चेअरमन उतरले. वाळू घट्ट होती. अकरा पावलं चालले. आधी एक जोडा तपासला, मग दुसरा.

"हॅ! हा कसला तळ? ही तर जमीन!"

"मग मघाशी बांबू कशात खोचलात?"

चेअरमन बांबूशी गेले. रुमाल बरोबर त्यांच्या छातीशी होता.

"त्या रुमालापर्यंत समुद्र होता, साहेब. तुम्ही आत्ता त्याच्या तळाशी उभे आहात. कोरडे, जोड्यांसकट आणि मध्ये काचही नाही!"

चेअरमननी रुमालाची गाठ चाचपली. "गाठ माझीच आहे," ते म्हणाले. आणि मग हसले! असे हसले की उरलेसुरले खेकडेही बिळात शिरले.

"माग पोरी! काय हवं?"

"परत होडीत चढताना जोडे काढा."

"एवढंच?"

"आणि थोरले समुद्रात उतरून झाले. आता बाकीच्यांना सोडा."

चेअरमननी तिथल्या तिथे जोडे काढून हातात घेतले. "परवान्याला कुणी हात लावला, तर मला सांगायचं! दिवाळी झाली की कारखान्याचं अख्खं संचालक मंडळ तुझ्याच होडीतून आणतो! एकेकाला अनवाणी!"

मालिनी वाळूच्या पलीकडच्या कडेला गेली. तिथे पाणी खोल, निळं होतं आणि खडकांवरून पिवळे मासे फिरत होते. तिने वळून हाक दिली, "कोण येतंय पहिलं?"

नऊ चष्मे सवयीने चेअरमनकडे वळले. मग त्यातला एक परत फिरला. आक्कासाहेबांनी दुपारपासून पहिल्यांदाच तोंडातली नळी काढली.

"मी!"